घरच्या स्लॅबवरून उल्का आपोआप टिपायच्या तर

प्रश्न थोडक्यात असा : दारव्हा तालुक्यातलं (जि. यवतमाळ) गाव, स्लॅबचं घर, उत्तरेला मोकळं वावर. जुना लॅपटॉप आहे, दुकानातून काढलेला एक सीसीटीव्ही कॅमेरा पडून आहे. रात्रभर आपोआप उल्का रेकॉर्ड होतील अशी व्यवस्था १५-२० हजारांत होते का? लाइनचा भरवसा नाही.

होते. लॅपटॉप हाताशी आहे म्हणून १५ हजारांच्या आतही बसेल. पण आधी एक ठरवा. नुसते तुटत्या ताऱ्यांचे व्हिडिओ हवेत, की त्या व्हिडिओवरून उल्का कुठून आली, किती उंचीवर जळली हे काढायचं आहे? दोन्हीला कॅमेरा तोच लागतो. फरक पडतो तो घड्याळ अचूक असण्याने आणि कॅमेरा तसूभरही न हलण्याने. या दोन गोष्टींना पैसे फार लागत नाहीत, लक्ष लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून मोजमापाच्याच हिशेबाने बांधा.

दुकानचा कॅमेरा या कामाला का चालत नाही ते बघा. त्याची लेन्स साधारण एफ/२ ची असते. उल्केसाठी एफ/०.९५ ची लेन्स घेतात, ती जवळपास साडेचारपट उजेड आत घेते. दुसरं, सीसीटीव्हीतलं नॉइज रिडक्शन लागोपाठच्या फ्रेमची सरासरी काढून चित्र गुळगुळीत करतं. उल्का असते अर्धा सेकंद, त्यात सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने जेमतेम १२ फ्रेम मिळतात, आणि त्यातली फिकट रेघ कॅमेरा स्वतःच 'कचरा' समजून पुसून टाकतो. तिसरं, आयआर एलईडी, म्हणजे अंधारात दिसावं म्हणून लावलेले इन्फ्रारेड दिवे. ते आकाशाला काही देत नाहीत, काचेवर झगझगतात आणि गावभरचे किडे गोळा करतात. किड्यांमागे कोळी येतो आणि चार दिवसांत काचेसमोर जाळं.

घ्यायचा तो सोनीच्या आयएमएक्स २९१ किंवा आयएमएक्स ३०७ सेन्सरचा आयपी कॅमेरा-बोर्ड. उघडा बोर्ड मिळतो, सोबत नेटवर्कची शेपटी येते. त्यावर ३.६ किंवा ४ मिमीची एफ/०.९५ लेन्स. इथे बरेच जण फसतात : या लेन्सचे आटे १६ मिमीचे असतात, साध्या बोर्डावरचा होल्डर १२ मिमीचा. मागवताना होल्डरसकट जोडी मागवा. आणि लेन्स 'आयआर-कट नसलेली', म्हणजे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसलेली हवी. होल्डरमध्ये टिक-टिक सरकणारी फिल्टरची पट्टी असेल तर ती काढून टाका. उल्केच्या उजेडाचा बराच भाग लाल आणि त्यापलीकडच्या पट्ट्यात असतो, तो अडवून उपयोग नाही. पट्टी काढल्यावर फोकस सरकतो, तेव्हा फोकस नंतरच करा.

३.६ मिमीत साधारण ८८ अंश रुंद आणि ४८ अंश उंच आकाश येतं, ६ मिमीत ५४ बाय ३०. गावात आकाश काळं आहे, ६ मिमीने फिकट उल्काही मिळतील. तरी पहिला कॅमेरा रुंद घ्या. तारे जास्त येतात, त्यांची नकाशाशी जुळवणी सोपी जाते, आणि मोठा अग्निगोल (फार तेजस्वी उल्का) चौकटीबाहेर जाण्याची शक्यता कमी.

खर्चाचा ढोबळ अंदाज (भाव बदलत राहतात) : बोर्ड आणि लेन्स साडेतीन-चार हजार, धातूचं हाउसिंग हजारापर्यंत, केबल आणि पॉवरचं सामान दीड-दोन हजार, राउटरसाठी मिळतो तसला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस दीड हजार, २५६ जीबीची एसएसडी दोन हजारांच्या आसपास, ब्रॅकेट-अर्थिंग-किरकोळ दीड हजार. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ या छोट्या संगणकावरही हे काम होतं आणि वीज कमी लागते, पण लॅपटॉप असताना ती खरेदी पहिल्या वर्षी तरी करू नका. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी आहे, म्हणजे अर्धा यूपीएस आयताच मिळाला. फक्त ती फुगलेली नाही ना, ते आधी बघा. मे महिन्यात तापलेल्या खोलीत रात्रंदिवस चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी फुगते. बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावा. लॅपटॉप खालच्या गार खोलीत ठेवा. स्लॅबवर किंवा टिनाखाली ठेवला तर उन्हाळ्यात दिवसाची प्रक्रिया करताना तापून बंद पडेल.

आता सॉफ्टवेअर. लिनक्सवर चालणारं आरएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. ग्लोबल मिटिऑर नेटवर्क या जगभरच्या जाळ्यात तेच वापरतात. ते सूर्य मावळल्यावर स्वतः सुरू होतं, पहाटे थांबतं, मग रात्रभराच्या चित्रांतून उल्का वेचतं. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. ते अख्खा व्हिडिओ साठवत बसत नाही. २५६ फ्रेमचा, म्हणजे १०.२४ सेकंदांचा एकेक गठ्ठा घेतं आणि प्रत्येक पिक्सेलसाठी चारच आकडे ठेवतं : सर्वांत जास्त उजेड किती, तो कितव्या फ्रेमला, सरासरी किती आणि चढउतार किती. एवढ्यावरून उल्केची हालचाल पुन्हा उभी करता येते. १२८० बाय ७२० च्या चित्राला असा एक गठ्ठा ३.७ एमबीचा होतो. १२ तासांच्या रात्रीत सुमारे ४,२०० गठ्ठे, म्हणजे १५ जीबीच्या वर. म्हणून डिस्क आधीच मोकळी ठेवा. जुन्या रात्री ते आपोआप पुसतं, पण तुमचे लग्नाचे व्हिडिओ त्याच डिस्कवर असतील तर जागेसाठी भांडण लागणारच. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपी जाऊ नये ही सेटिंगही आठवणीने करा.

कॅमेऱ्यात शटर १/२५ वर पक्कं, वेग २५ फ्रेम, गेन हाती ठरवलेला, नॉइज रिडक्शन शून्य, बॅकलाइट आणि डब्ल्यूडीआर बंद, रंग कायम काळा-पांढरा, कोडिंग एच.२६४. चित्रावर येणारी तारीख आणि कॅमेऱ्याचं नाव काढून टाका, ती अक्षरं तारे झाकतात. 'मिरर' चुकून चालू राहिला तर चित्र आरशातल्यासारखं उलटतं, मग तारे कितीही स्वच्छ दिसोत, नकाशाशी जुळणारच नाहीत. वायफाय कॅमेरा घेऊ नका. सिग्नल अडखळला की मधल्या फ्रेम गळतात आणि उल्का उडी मारल्यासारखी दिसते.

नेटवर्कात एक अडचण हमखास येते. हे बोर्ड बहुधा १९२.१६८.१.१० असा पत्ता घेऊन येतात. लॅपटॉपला कॅमेरा केबलने आणि इंटरनेट वायफायने जोडलं, आणि घरच्या राउटरचे पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील, तर लॅपटॉपला कोणत्या दारातून जायचं कळत नाही. एक तर कॅमेरा मिळतो, नाही तर इंटरनेट. कॅमेऱ्याचा पत्ता १९२.१६८.४२.१० असा काही करून टाका, केबलच्या पोर्टलाही त्याच घरातला पत्ता द्या.

घड्याळ. कॅमेऱ्याचं स्वतःचं घड्याळ विसरा, वेळ लॅपटॉपचीच धरली जाते. लॅपटॉपचं घड्याळ दिवसाला सेकंदभर सहज सरकतं. मिथुन राशीतून येणाऱ्या डिसेंबरच्या उल्का सेकंदाला ३५ किमी जातात, सिंहेच्या ७१ किमी. दोन गावांची घड्याळं सेकंदाने चुकली तर एकच उल्का दोन ठिकाणी असल्याचं गणित निघतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्रॉनी ही इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा चालू ठेवली तर चूक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत राहते, एवढं पुरे. रेंज रात्र-रात्र जात असेल तर पीपीएस (दर सेकंदाला अचूक ठोका देणारी) तार असलेला जीपीएस मॉड्यूल लावा, निओ-६एम जातीचा काही शेकड्यांत मिळतो. नुसता यूएसबीचा जीपीएस घेतला तर वेळ सेकंदाच्या काही दशांशांनी डुलते. पीपीएसची तार जोडायला रास्पबेरी पाय सोयीचा, हे मात्र खरं.

सगळं यूटीसीत (जागतिक वेळेत) ठेवा. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे १४ डिसेंबरच्या पहाटे २ ची उल्का फाइलमध्ये १३ तारखेच्या २०:३० ला सापडेल. तारीख 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

कॅमेरा कुठे रोखायचा? तुमच्याकडे उत्तर, ४५ अंश वर. उल्का साधारण १०० किमी उंचीवर पेटतात. ४५ अंशांवर १०० किमी उंची म्हणजे जमिनीवरही १०० किमी दूर. दारव्ह्याच्या सरळ उत्तरेला १०० किमीवर चांदूर बाजार येतं. तुमचा कॅमेरा तिथल्या डोक्यावरचं आकाश बघत असेल. वर्ध्यातल्या कोणी वायव्येला, ४०-४५ अंशांवर कॅमेरा रोखला तर तोही तोच तुकडा बघेल, कारण वर्धा-चांदूर बाजार अंतरही सुमारे १०० किमीच. दारव्हा-वर्धा सरळ रेषेत १०० किमीच्या जवळपास पडतं. दोन ठिकाणांत ७० ते १०० किमी असलं की उल्केची उंची आणि मार्ग नीट निघतो. एकाच गावातले दोन कॅमेरे त्या कामाचे नाहीत. उत्तर दिशेचा दुसरा फायदा असा की दिवसाचं ऊन लेन्समधून थेट सेन्सरवर पडत नाही. जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेकडून जातो आणि चौकटीच्या कडेजवळ येतो, पण तोवर कॅमेरा उतरवायची वेळ झालेली असते.

ब्रॅकेट सज्जाच्या किंवा जिन्याच्या भिंतीला, मेकॅनिकल अँकर बोल्टने. पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, टिनाचं शेड, डिशचा खांब, यांपैकी काही नको. वाऱ्याने डुलतात. ३.६ मिमीच्या लेन्सला एक पिक्सेल म्हणजे सुमारे ४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), चंद्राच्या बिंबाचा सातवा-आठवा हिस्सा. वानरं स्लॅबवर येत असतील (येतच असतील) तर कॅमेऱ्यावर लोखंडी जाळीचा पिंजरा करा, पुढून उघडा. एकदा लटकून गेलं की जुळवणी पहिल्यापासून.

हाउसिंगची काच सपाट हवी, डोम नको. डोममध्ये तारे ताणले जातात. केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबल आवळून धरणाऱ्या बुचातून) आत घ्या आणि बाहेर लोंबता वळसा ठेवा, पाणी वळशाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, आत जात नाही. सांधे बुजवायला सिलिकॉन घेताना 'न्यूट्रल' जातीचं घ्या. व्हिनेगरसारखा वास मारतं ते नको, त्याची वाफ आत कोंडून बोर्डाच्या तांब्याला खाते. आत सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या ठेवा. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात, तवा मात्र स्वयंपाकाचा नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे काचेवर दव बसतं. त्यावर ४७ ओहमचा ५ वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर १२ व्होल्टवर काचेच्या खालच्या कडेशी ठेवा. ३ वॅट उष्णता होते, तेवढी पुरते.

फोकस हे एका माणसाचं काम नाही. एक जण वर, एक लॅपटॉपपाशी. संध्याकाळी तीन-चार किमीवरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा धरून लेन्स अंदाजाने बसवा. अंधार पडल्यावर चौकटीच्या मधला, पण फार तेजस्वी नसलेला तारा घ्या आणि पडद्यावर चारशे टक्के मोठा करा. सुरुवातीला तो सात-आठ पिक्सेलचा पसरट डाग असतो. लेन्स नखभर फिरवली की डाग आवळत जातो, दोन-तीन पिक्सेलचा टणक ठिपका होतो आणि त्याच्या आजूबाजूला, आत्तापर्यंत नव्हते असे फिकट तारे एकदम उगवतात. तिथे थांबू नका. पुढे फिरवत रहा, ठिपका पुन्हा फुगू द्या, मग मागे या. दोन्ही बाजूंचा फुगवटा पाहिल्याशिवाय मधली जागा नक्की कळत नाही. एफ/०.९५ ला ही जागा इतकी अरुंद असते की लॉक-रिंग आवळतानाच फोकस सुटतो. आट्यांवर आधी टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या, खेळ कमी होतो. कडेचे तारे किंचित पसरट राहतीलच, स्वस्त लेन्सचा तो धर्म आहे.

मग जुळवणी. अक्षांश-रेखांश किमान पाच दशांशांपर्यंत भरा (पाचवा दशांश म्हणजे सुमारे एक मीटर), समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. आरएमएससोबत येणाऱ्या स्कायफिटमध्ये स्वच्छ रात्रीचं एक चित्र उघडून आधी दहा-पंधरा तारे हाताने नकाशाशी जोडायचे, मग चौकटभर पसरलेले चाळीस-पन्नास. कोपरे सोडू नका, लेन्सचा वाकडेपणा तिथेच असतो. सरासरी चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत आली की ठीक. झाडाचा शेंडा, टाकी, शेजारचा दिवा यांवर काळा मुखवटा रंगवून ठेवा, नाही तर हलणाऱ्या फांद्यांतून रोज शंभर 'उल्का' निघतील.

आता वीज, ज्यात गावातले निम्मे संच मरतात. कॅमेरा जास्तीत जास्त ३ वॅट खातो, त्याला मिनी यूपीएस रात्रीचे काही तास सहज पुरतो. लॅपटॉपला घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' वर ठेवा. 'नॉर्मल' वर लाइन बदलताना जो झटका बसतो त्यात राउटर आणि कॅमेरा दोन्ही पुन्हा सुरू होतात. संच इन्व्हर्टरशिवाय वेगळ्या बॅटरीवर चालवायचा तर हिशेब असा : रास्पबेरी पाय आणि कॅमेरा मिळून १० वॅट, १२ तासांचे १२० वॉट-तास. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे १२ व्होल्ट २० एएचची रात्रभर कशीबशी पुरते. ४० एएच घ्या.

पंप सुरू होताना व्होल्टेज १६० वर आलं तरी चांगला अडॅप्टर तग धरतो. खरी भीती डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटण्याची. तेव्हा घरात तीनशेच्या वर व्होल्ट येतात आणि अडॅप्टर, टीव्ही, सगळं एकदम जातं. जास्त व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर मेनच्या पुढे लावा, तो फक्त कॅमेऱ्याचं नव्हे, घराचं भलं करतो.

केबल बाहेरच्या वापराची, शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्तातली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, ग्लँडपाशी दोन-तीनदा वाकली की तुटते. चार-पाच आणि सात-आठ क्रमांकाच्या तारांतून १२ व्होल्ट वर न्यायचे असतील तर ३० मीटरपर्यंत ठीक, व्होल्टभर पडतो तेवढाच. त्याहून लांब असेल तर ४८ व्होल्टचं पीओई, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून वीज. उंदीर-खारींसाठी केबल जीआय किंवा जाड पीव्हीसी पाइपात. कुंपणाच्या झटका मशीनच्या तारेला समांतर केबल नेऊ नका, एकदम आडवी ओलांडली तर चालेल.

वळवाच्या विजांना मात्र कोणताही सर्ज प्रोटेक्टर पूर्ण पुरत नाही. लावा, त्याला चांगली अर्थिंग द्या, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून आलं की लॅपटॉपमधून केबल उपसून हातभर लांब ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनवर असू द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅमेरा उतरवा, ब्रॅकेट तिथेच ठेवा, कोनावर रंगाची खूण करून. ऑगस्टच्या, ययाती तारकासमूहाच्या उल्का आपल्याला ढगांमुळे तशाही क्वचितच मिळतात. दसऱ्यानंतर पुन्हा चढवा. सोयाबीनच्या मळणीची धूळ काचेवर बसते, ती ओल्या सुती कपड्याने, कॅमेऱ्याला धक्का न लावता पुसा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुमचा खरा हंगाम. त्यात १३-१४ डिसेंबरची रात्र सर्वांत भरलेली, मिथुनेचा उद्गमबिंदू (उल्का जिथून येताना दिसतात ती जागा) रात्री दोनच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो. उन्हाळ्यात ५-६ मेच्या पहाटे कुंभेच्या उल्काही आपल्या अक्षांशावर बऱ्या दिसतात, साडेतीननंतर.

सकाळी निकाल बघताना खोट्या पकडी ओळखायला शिका. विमान लुकलुकतं आणि गठ्ठ्यामागून गठ्ठे चालत राहतं, उपग्रहाची रेघ लांब आणि संथ असते. जागलीवरच्या माणसाने रानडुकरांवर मारलेल्या टॉर्चचा झोत हलक्या धुक्यात चौकटभर पंख्यासारखा फिरतो. काजवा वळणं घेतो. उल्का सरळ जाते, बहुधा सेकंदाच्या आत संपते, फिकी सुरू होऊन मध्ये उजळते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भावरून जे जळतं गेलं, ते म्हणूनच उल्का नव्हतं. रॉकेटचे अवशेष पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून उतरतात, सेकंदाला आठ किमीच्या आत, आणि मिनिटभर रेंगाळत तुकड्या-तुकड्यांनी जातात. उल्का ११ किमीपेक्षा हळू येऊच शकत नाही. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलं मोठं कडं पडलं होतं.

आणि तो दुकानचा कॅमेरा टाकून देऊ नका. एलईडी काढा, नॉइज रिडक्शन बंद करा, दक्षिणेकडे ३० अंशांवर बसवा आणि डीव्हीआरवर सतत रेकॉर्डिंग ठेवा. साध्या उल्का त्याला दिसणार नाहीत, पण पूर्ण चंद्राएवढा तेजस्वी अग्निगोल दिसेल, आणि अशनी (जमिनीवर पोचलेले उल्केचे दगड) शोधायला तेवढंच कामाला येतं. काटोलला २२ मे २०१२ ला अशनी पडले ते भर दुपारी, तिथे रात्रीचे कॅमेरे हात चोळत बसले असते, असा साधा दिवसरात्र चालणारा कॅमेरा मात्र कामी आला असता. त्याच्या घड्याळाची चूक आठवड्यातून एकदा मोबाइलच्या वेळेशी ताडून वहीत लिहून ठेवा. मोठा अग्निगोल टिपला गेला तर कॅमेऱ्याला हात लावू नका, जवळून बघायलाही खोलू नका. पुढच्या स्वच्छ रात्री त्याच जागेवरून, त्याच कोनात तेजस्वी तारे येतील असं रेकॉर्डिंग घ्या. डीव्हीआर जुनं पुसण्याआधी त्या मिनिटाची मूळ फाइल काढून घ्या. मोबाइलने पडद्याचं शूटिंग करून पाठवलेल्या व्हिडिओतून दिशा मोजता येत नाही.